तिघं चालत आली की

तलातूला छावणीत कुणी नावानं हाक मारत नाही. सगळ्या तिला मागाजिया म्हणतात. मागाजिया म्हणजे शिपायांच्या बायकांची म्होरकी. बायकांनीच तिला निवडायचं आणि पुढचं सगळं तिच्या गळ्यात टाकायचं. नळावरची मारामारी, अडलेलं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्यानं गावात दुसरी ठेवली, कुणाच्या खोलीचं छप्पर उडालं, सगळं तिनं बघायचं. पगार नाही. शिव्या मात्र वेळेवर मिळतात.

पठारावरच्या ह्या छावणीत ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला धड चूल पेटवता येत नव्हती, असं तिचा नवरा सार्जंट बुलुस अजून लोकांना सांगत फिरतो. आता छावणीच्या बाजारात तिच्या चवळीच्या भज्यांशिवाय कुणाची सकाळ होत नाही. तोंडानं ती फटकळ. आपल्या लाईनीतल्या बाईला ती स्वतः वाट्टेल ते बोलेल, पण बाहेरचं कुणी वाकडं बोललं की कढईतला झारा घेऊन उठते. एकदा एका ट्रक ड्रायव्हरवर खरंच उठली होती. तो ड्रायव्हर अजून तिच्याकडूनच भजी घेतो, पण हात लांब करून.

एक काम तिला नको वाटतं. ईशान्येच्या आघाडीवर माणूस मारला गेला की ती खबर घरी तिघांनी न्यायची, अशी इथली रीत आहे. एक अधिकारी, एक पाद्री नाहीतर इमाम, आणि मागाजिया. मागाजिया कशाला, तर बाई कोसळली की धरायला. त्यामुळं सगळी छावणी माणसं मोजायला शिकली. मागाजिया एकटी आली तर कुणाचं तरी भांडण. एका अधिकाऱ्याबरोबर आली तर खोलीची तपासणी. तिघं चालत आली की बायका दारं लावून घेतात, जशी काही लावलेलं दार बघून खबर शेजारी जाणार आहे. आणि वाटेत कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. "कुणाची नाही," एवढंच म्हणत चालायचं, थेट त्या दारापर्यंत.

लाईनीतल्या अजुमाचं कळलं ते नळावर. ऊन डोक्यावर आलेलं, आणि ही पोरगी गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळून बादली भरत होती.

"गळ्याला काय झालं गं?" तलातूनं विचारलं.

"काही नाही, मागाजिया. थंडी वाजतीय."

"माझ्या पाठीवरनं घाम ओघळतोय आणि तुला थंडी? चल इकडं."

टाकीच्या मागं नेऊन तलातूनं ओढणी सोडवली. गळ्यावर बोटं उठली होती. अंगठा एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला.

"तो झोपेत होता," अजुमा घाईघाईनं म्हणाली. "चूक माझीच. पायाला हात लावून उठवायचं असतं त्याला. मी खांद्याला लावला."

तिचा नवरा अडाकोले. सगळे त्याला कोले म्हणायचे. आघाडीवर जाण्याआधी हा पोरगा फुटबॉलच्या मॅचमध्ये गोल झाला की उलट्या उड्या मारायचा. रजेवर परत आला तेव्हापासून कुणी त्याला दाराबाहेर बघितलं नव्हतं. त्याच्या ट्रकमधनं तो एकटाच परतला होता. आता खाटेवर झोपत नाही म्हणे, खाटेखाली झोपतो. दाराला दुधाचे रिकामे डबे दोरीत ओवून बांधलेत, कुणी आलं की वाजायला. त्यांची छोटी एही ती दोरी ओलांडून ये-जा करते, तिला वाटतं बाबानं खेळ मांडलाय. उशाशी कोयता असतो.

"आणि सोमवारी ट्रक आहे," अजुमा म्हणाली. "रजा संपली. परत आघाडीवर जायचंय त्याला."

"ह्या अवस्थेत? अगं, इस्पितळामागं ती नवी खोली उघडलीय ना, कॅप्टन मोरेनिकेबाईंची. तिथं ने त्याला."

"वेड्यांच्या खोलीत?" अजुमानं तिचा हातच धरला. "नको. एकदा नाव लागलं की संपलं. आधी रायफल काढून घेतील, मग राहायची खोली काढून घेतील. मग मी काय गावी ओतुक्पोला सासूच्या अंगणात जाऊन बसू? तुझ्या पाया पडते, कुणाला बोलू नकोस."

"आणि सोमवारी तो चढला ट्रकवर, तर?"

बादली भरून वाहायला लागली होती, ती अजुमाला दिसलीही नाही.

त्या दिवशी तलातूची भजी करपली. बुलुस म्हणाला, "चवळी मेली का तुझ्या कढईत?" ती त्याच्यावर उलटली नाही, तेव्हा तोच घाबरला. तिच्या डोळ्यांसमोरनं तो गळा हलत नव्हता. आज बोटं उठली, उद्या कोयता हातात आला तर? आणि तो ट्रकवर चढला तर तिकडं काय करेल? मग परत तिघांनी चालत यायचं, अजुमाच्या दारात. नाही, तिला ते जमणार नव्हतं. शेवटी ती अजुमाकडं गेली आणि सरळ म्हणाली, "मी बोलणार आहे. शिव्या द्यायच्या तर आत्ताच दे." अजुमा रडली. मग म्हणाली, "येताना मी घरात नसेन तेव्हा या. पोरीला घेऊन बाजारात जाते. तिनं बघायला नको."

कॅप्टन मोरेनिके डोक्याच्या डॉक्टर, वयानं तलातूच्या धाकट्या बहिणीएवढ्या.

"तो इथं येणार नाही," तलातूनं सांगितलं. "तुम्हाला यावं लागेल. पण हा गणवेश नको. रंगीत कापड गुंडाळा, चपला घाला."

"चाल तरी लष्करीच राहणार माझी," कॅप्टन हसल्या.

"तुमची चाल बघायला तो मान वर करत नाही. आणि दोघीच जायचं. तिसरं कुणी नको. आणखी एक, खरं सांगा. नोकरी जाते का?"

"इथं आलेल्यांपैकी अजून कुणाची गेली नाही. पुढची शपथ मी घेऊ शकत नाही, मागाजिया."

खोटं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तलातूच्या मनात आलं. पण खोटं बोलल्या नाहीत म्हणून ती त्यांच्याबरोबर निघाली.

शनिवारी सकाळी दोघी लाईनीच्या रस्त्याला लागल्या. अर्ध्या वाटेत मागनं बुटांचा आवाज आला. छावणीतले पाद्री, ग्यांग नावाचे. गणवेश, पांढरी कॉलर, काखेत बायबल.

"कोलेकडं चाललात असं इस्पितळात कळलं," ते धापा टाकत म्हणाले. "माझ्याच चर्चमधला पोरगा आहे. मीपण येतो."

"पाद्रीबाबा, मागं फिरा," तलातू दात आवळून म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"का? प्रार्थनेनं काय बिघडतंय?"

पण उशीर झाला होता. नळावर बायका होत्या. एकीनं मान वळवली, मग सगळ्यांनी. बडबड बंद झाली, नुसता नळ वाहत राहिला. रकिया, जिचा नवरा आघाडीवर होता, ती होती तिथंच चिखलात बसली.

"कुणाची?" तिनं विचारलं. "मागाजिया, कुणाची?"

"कुणाची नाही," तलातू म्हणाली, आणि बोलताबोलताच तिला कळलं की आपण तेच बोललो जे दर वेळी बोलतो. आज ते खरं होतं आणि कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. "अगं बाई, खरंच कुणाची नाही. कोलेला भेटायला चाललोय."

"कोले तर घरात आहे," रकिया म्हणाली. "जिवंत माणसाकडं तिघं कशाला जातील? माझ्यापासनं लपवू नकोस."

ती उठली आणि मागं यायला लागली. तिच्यामागं दुसरी, मग चार-पाच. गपचूप जायचं ठरवलेलं आणि ही वरातच निघाली. पाद्रीबाबांना आता कुठं उमजलं. ते मागं राहायला बघत होते, पण मागनं बायकांची भिंत येत होती.

कोलेच्या दाराशी डबे खडखडले. दार त्यानंच आतनं उघडलं.

तलातूला वाटलं होतं की कोयता दिसेल. तो दिसला नाही. कोलेनं दाढी केली होती, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. त्यानं आधी पाद्रीबाबांकडं बघितलं, मग कॅप्टनकडं, मग तिच्याकडं. मोजलं.

"अजुमा बाजारात गेलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "जरा थांबा. आणि मागाजिया, तिला पोरीसमोर सांगू नका. तिला बसवा आधी."

कुणाला काही कळेना. मागं एक बाई फिस्सकन हसली. "ह्याचं डोकं खरंच फिरलंय की."

"तोंड मिट," तलातू मागं न बघता म्हणाली. तिला कळलं होतं. "काय सांगू नको, कोले? कुणाची खबर?"

"माझी."

कॅप्टन पुढं सरकल्या. तलातूनं त्यांच्या दंडाला धरून थांबवलं. काय बोलावं हे तिला माहीत नव्हतं. चुकलं तर दार लागेल, आणि आत काय होईल ते फक्त ऐकू येईल.

"ट्रकमधले सगळे गेले," कोले समजावून सांगितल्यासारखं बोलत होता. "मग मी कसा राहीन? तुम्ही कधी येताय याचीच वाट बघत होतो."

"मला तहान लागलीय," तलातू म्हणाली. "पाणी आण."

तो बघत राहिला.

"ज्या घरात माणूस गेला त्या घरचं पाणी आम्ही पहिल्या दिवशी पितो का? नाही ना? मग मी तुझ्याकडं मागतीय. तू आण. उन्हात उभं केलंस म्हातारीला."

तो वळला. आत माठावरचं झाकण वाजलं. फार वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो वाटी घेऊन आला. निम्मं पाणी शर्टावर सांडलेलं. उरलेलं ती सगळं प्यायली, आणि पितापिता त्याच्या मनगटाला धरून राहिली.

"थंड आहे का माझा हात?" त्यानं विचारलं.

"भट्टी झालाय. ताप असेल." तिनं मनगट सोडलं नाही. "ह्या बाई डॉक्टर आहेत. ह्यांना मी आणलं, पाद्रीबाबा स्वतःच घुसले. खबर कुणाचीच नाही. ऐकलंस ना, रकिया? जा घरी. सगळ्या जा."

रकिया गेली नाही लगेच. ती भिंतीला टेकून मोठमोठ्यानं रडली, सुटल्यासारखी. कोले तिच्याकडं बघत होता. तो उंबऱ्यातच बसला. कॅप्टनही धुळीत त्याच्यासमोर बसल्या, रंगीत कापडासकट.

दुपारी तो तलातूबरोबर इस्पितळामागच्या खोलीत गेला. बाकी कुणाला तिनं जवळ येऊ दिलं नाही. अजुमा पोरीला घेऊन धावत आली तेव्हा दार बंद होतं.

"आता काय होईल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"तूच नेलंस त्याला."

"हो, मीच नेलं. माझ्यावर चीड. पण बस इथं."

सोमवारी ट्रक गेला, कोलेला न घेता. ट्रकच्या फळीवर बसलेला एकजण मोठ्यानं म्हणाला, "वेडा झाला की रजा वाढते वाटतं." अजुमा ऐकत होती. तलातू ट्रकला भिडली आणि तिनं त्या पोराला आईची शपथ घालून विचारलं, की तू परत आलास आणि तुला झोप लागली नाही तर तुझ्यासाठी ह्या ट्रकशी कोण भांडणार? पोरगा खाली बघायला लागला. ट्रक सुटला तेव्हा तिचाच आवाज बसला होता, कारण तो पोरगा खरंच परत येईल का, हे तिला तरी कुठं माहीत होतं.

रायफल काढून घेतली. राहायची खोली अजून आहे. पुढच्या महिन्यात काय, ते कॅप्टनही सांगत नाहीत. कोले आठवड्यातनं दोनदा इस्पितळामागच्या खोलीत जातो. पहिल्यांदा एकटा निघाला त्या दिवशी तलातू कढई उतरवून बरंच अंतर ठेवून मागं गेली. इस्पितळाच्या कोपऱ्यावर तो थांबला. त्यानं मागं वळून घराकडं बघितलं. तीही थांबली. हाक मारावी की नको, जवळ जावं की नको, तिला कळेना. लोक त्याला बघत होते, त्यालाही ते दिसत होतं. शेवटी त्यानं शर्ट खाली ओढला आणि कोपऱ्यामागं दिसेनासा झाला.

ती भज्यांकडं परतली नाही. तिथंच उभी राहिली, तो बाहेर येईपर्यंत.