पोटकास्टमधला माझा आवाज

"कोन हाय तो पोटकास्टवाला? बाहेर काढा त्याला! काढा म्हनतो ना!"

मी तेव्हा दवाखान्याच्या स्टोअररूममध्ये, सलाईनच्या खोक्यांच्या मधोमध, डोक्यावर गोधडी घेऊन बसलो होतो. गोधडी लपायला नव्हती, रेकॉर्डिंगला होती. पेठ रोडवरचे ट्रक आवाजात घुसू नयेत म्हणून डॉक्टर मॅडमनीच काढलेली युक्ती. पण हा आरडाओरडा गोधडीतून काय, तिजोरीतूनही ऐकू आला असता! दार धाडकन उघडलं, गोधडी गेली, आणि समोर साडेसहा फुटी माणूस. (सिस्टर म्हणते साडेपाच. तिने त्याला उभं राहून पाहिलं, मी बसून.) हातात चायना मोबाईल.

"खरं सांग," तो म्हणाला, "माझ्या बायकोला तू कुठं पाह्यलं?"

इथे जरा थांबतो, कारण माझी ओळख दिल्याशिवाय पुढचं पटणार नाही. तुमच्या या सदरात दर महिन्याला कुणाला चकवा लागतो, कुणाला झाडावर कोणी बसलेलं दिसतं... मी ते वाचायचो आणि त्याच कागदात भडंग बांधून न्यायचो. थापा मारणं हा माझा धंदा, त्यामुळे दुसऱ्याची थाप मला नाशिक रोडवरून पंचवटीत ओळखू येते. रिक्षावर भोंगा बांधून मी गावभर ओरडायचो. साड्यांचा सेल, सर्कस, हरवलेली म्हैस – सगळ्यांना आवाज माझाच. मी पंचवटीत "शेवटचे दोन दिवस" म्हटलं की विंचूरला कांदाचाळीतल्या कांद्याला कोंब फुटायचे! एवढं एक सोडलं तर पुढे लिहिलंय त्यात मीठमसाला नाही. घालायची गरजच पडली नाही.

साल २००८. मॅडम सर्जन, परदेशात शिकून आलेल्या. तिकडे म्हणे मोठे डॉक्टर आजारांबद्दल बोलून ठेवतात. शिकाऊ डॉक्टर ते ऐकून शिकतात आणि पेशंट घरबसल्या ऐकून शहाणे होतात. त्याला पॉडकास्ट म्हणायचं. मॅडम मजकूर लिहायच्या, मी बोलायचो. इंटरनेटवर चढवलं तेव्हा ऐकणाऱ्या दोघीच – एक मॅडम, दुसऱ्या त्यांच्या आई. मग मी डोकं चालवलं. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देतात ना, तसंच आपण दवाखान्यात हे फुकट भरून द्यायचं. तयार भाग चार होते आणि चारही साखरेच्या आजारावर. डायबेटीस म्हणजे काय, खावं काय, पायांची काळजी आणि इन्सुलिन.

बोर्डाचा मजकूर पेंटरला मी फोनवरून सांगितला. तो म्हणाला, "पॉड? ते काय असतंय?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय, लिही." आणि त्या शहाण्याने हातभर अक्षरांत लिहिलं – 'येथे आरोग्य पोटकास्ट मोफत भरून मिळेल.'

झालं! दुसऱ्या दिवसापासून गॅस, मुरडा, जंत, आंबट ढेकर... जिल्ह्यातली सगळी पोटं आमच्या दारात. सिस्टर समजावून समजावून थकली. शेवटी जो येईल त्याला साखरेचे चार भाग भरून देऊ लागली. "ऐकू द्या," म्हणाली, "नुकसान तर नाही ना."

तर हा गोधडी ओढणारा त्यातलाच. काशिनाथ नाव, पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचा. आठवड्यापूर्वी बाजाराला आला, बोर्ड वाचला, बायकोचं पोट अधूनमधून दुखतं म्हणून कार्ड भरून घेऊन गेला.

"काल दुपारपून हिराचं लयच दुखाया लागलं," तो सांगत होता, पण मोबाईल माझ्या नाकासमोरून हलवत नव्हता. "सकाळी आईनं एरंडेल कोमट केलं. शेकाया ईट तापत घातली. मी म्हनलं, थांब, पोटकास्ट लावून पाहू. तर तुझं आपलं साखर, साखर, साखर! पोटाचं नावच नाय. बंद करनार होतो. मंग तू पायाचं बोलता बोलता थांबला... आन् म्हनला, हिरा, ते वाटीतलं एरंडेल पिऊ नको."

"मी?"

"तूच! शेकू नको, म्हनला. दुखनं बेंबीपाशी होतं ते उजवीकडं उतरलंय, म्हनला. पान्याचा घोटबी घेऊ नको, आत्ताच्या आत्ता नाशकाला निघ. माझ्या आईच्या हातातून वाटी पडली! आता बोल. बेंबीपासून कुठं उतरलं ते तुला कसं ठावं? माझ्या बायकोची बेंबी तुला काय ठावं?"

वेटिंगमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली पडलेली गोधडी परत डोक्यावर घेतली.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी ना मला विचारलं, ना त्याला. बाकावर एक बाई पाय पोटाशी घेऊन पडली होती, तिच्याकडे गेल्या. "भांडण मागनं करा. आधी यांना आत घ्या."

दोन मिनिटांत पडद्यामागून मॅडमचा आवाज आला, एकदम बारीक. "अपेंडिक्स आहे. फुटायच्या बेतात. एरंडेल पाजलंत का?"

"नाय," हिरा म्हणाली.

"शेकलंत?"

"नाय."

"खाल्लं-प्यालं काही?"

"कायबी नाय. जीपमधी एकानं पानी दिलं तेबी नाय घेतलं."

"शहाण्या आहात. एरंडेल पोटात गेलं असतं तर इथवर पोचणं कठीण होतं. कोणी सांगितलं हे सगळं?"

पडद्याच्या फटीतून हिराचा हात बाहेर आला. बोट माझ्याकडे.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ काशिनाथने माझा शर्ट धरून ठेवला होता. रागाने नव्हे. धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून. मध्येच म्हणाला, "लहान पोर हाय घरी. ती वाचली तर तुमच्या पाया पडंन, भाऊ." थोड्या वेळाने म्हणाला, "पन तुमी तिला पाह्यलं कुठं, ते सांगाच." माणसाचं मन बघा! एकाच हाताने देव मानतो आणि त्याच हाताने कॉलर पकडतो.

हिरा वाचली. मॅडम हात धुऊन आल्या, आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"भोंगेसाहेब," त्या म्हणाल्या. मला त्या भोंगेसाहेबच म्हणायच्या. "माझ्या मागे पोटाचा भाग रेकॉर्ड करून वाटताय का? मी लिहिल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही, हे ठरलं होतं."

"मॅडम, मला अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतं तेसुद्धा आज कळलं!"

"बोर्ड तुम्हीच लिहवून घेतलात."

त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता. मला सिस्टरचा आला. कार्डं भरणारी तीच ना! तिलाही आत बोलावलं. सिस्टरला पेंटरचा आला, का ते तिलाच ठाऊक. शेवटी काशिनाथचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि आम्ही चौघांनी चारही भाग शब्दन् शब्द ऐकले. साखर, पथ्य, पाय, इन्सुलिन. हिराचं नाव नाही, एरंडेल नाही. काशिनाथचा चेहरा उतरत गेला.

"होतं," तो म्हणाला. "आईनंबी ऐकलं. तिला विचारा."

पण तिसऱ्या भागात एक गोष्ट होती. "पायाला जखम झाली तर" एवढं मी म्हणतो, आणि पुढे काहीच नाही... नुसती शांतता. एक मिनिट, वर काही सेकंद. मग "ती कोरडी ठेवा" म्हणून मी परत सुरू. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर तोच भाग लावून पाहिला. तिथे वाक्य सलग. मधे श्वासाचीही फट नाही. मी बोलताना फट ठेवतच नाही, भोंगेवाल्याला परवडत नाही.

सिस्टर म्हणाली, "भरताना गडबड झाली असेल."

मॅडमनी त्या आठवड्यात भरलेली, हाती लागतील तेवढी सगळी कार्डं परत मागवून तपासली. एकातही फट नव्हती. मग मला समोर बसवून विचारलं, तुमच्यासारखा आवाज काढणारं नाशकात दुसरं कोणी आहे का? मी म्हटलं, मॅडम, असता तर माझ्या पोटावर पाय आला नसता का? त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे पुढची दोन वर्षं त्या जरा तिरक्या नजरेनेच बघायच्या. आणि खरं सांगतो, गोधडी अंगावर घेतली की मीही शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर गुपचूप थांबायचो... माझ्यानंतर कोणी बोलतंय का ते ऐकायला.

आमच्यापैकी कुणालाच आजवर उलगडा झालेला नाही. कॉम्प्युटरवाल्या पोरांना विचारलं, ते म्हणाले फाईल खराब होऊ शकते. होऊ शकते! पण खराब फाईलला वाटीतलं एरंडेल दिसतं का?

मॅडमनी मात्र एक केलं. ऑपरेशनच्याच रात्री बसून पोटदुखीचा भाग लिहिला आणि सकाळी माझ्याकडून बोलून घेतला. हिरा टाके काढायला आली तेव्हा मी तिला बाकावर बसवलं आणि तो पूर्ण भाग ऐकवला. तेच शब्द होते. एरंडेल देऊ नका, शेकू नका, दुखणं उजवीकडे उतरलं तर लगेच निघा. आवाजही माझाच, खणखणीत. काशिनाथ शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होता.

संपलं तशी मी विचारलं, "काय हिराबाई, हाच होता ना?"

तिने पदर सारखा केला, पिशवी उचलली.

"नाय," ती म्हणाली. "तो मानूस घाईत होता."