गॉर्डनच्या कोटातला माणूस

वेस ऑर्मरॉडला आयुष्यात एकही वाद्य वाजवता आलं नाही. शाळेच्या वाद्यवृंदात त्याला झांजा दिल्या होत्या, त्याही बाईंनी आठवड्याभरात काढून घेतल्या. तरी आमच्या बेकप गावच्या रस्त्याने तो निघाला की खाटकाच्या दुकानातून हाक ठरलेली, "वेस, शुक्रवारी टीव्हीवर पाहिलं तुला. काय देखणा होतास लेका."

"मी फक्त व्हॅन चालवायचो," वेस म्हणतो.

खाटीक हसतो आणि पुडक्यात दोन सॉसेज जास्तीचे टाकतो. माणूस खरं बोलला की तो विनयाने बोलतोय असं समजायचं, ही आमच्या गावाची खोड आहे. तिच्या जिवावर वेसने आजवर कितीतरी सॉसेज फुकट खाल्ले. तेही चवीने, उगाच खोटं कशाला बोला.

झालं होतं ते असं. साठच्या दशकात आमच्या गावातल्या चार पोरांनी शटल्स नावाचा बँड काढला आणि त्यांचं एक गाणं देशभर गाजलं. एकच, पण असं की अजून लग्नात लागलं की म्हाताऱ्यासुद्धा चपला काढून नाचायला उठतात. त्याची सुरुवातच बास गिटारच्या एका तुकड्याने होते. खालच्या सुरापासून वरपर्यंत, कोणीतरी खुशीत जिना चढावा तसा तो तुकडा चढत जातो. तो गॉर्डन टॅटरसॉलचा. सपातांच्या कारखान्यात तळवे चिकटवता चिकटवता त्याने तो मनात रचला होता. वेस या पोरांचा शेजारी. त्याच्याकडे व्हॅन चालवायचा परवाना होता आणि ओझं उचलायला खांदे होते, म्हणून तोही बरोबर.

मग मँचेस्टरहून टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं. तेव्हा तिथे खरोखर कोणी वाजवत नसे. मागे रेकॉर्ड लावायची आणि पोरांनी तिच्याबरोबर ओठ नि हात हलवायचे, झालं गाणं. स्टुडिओच्या दारातच गॉर्डनला निरोप मिळाला की ब्रेंडाला, म्हणजे त्याच्या बायकोला, कळा सुरू झाल्यात. पहिलटकरीण होती ती. गॉर्डनने अंगातला चकचकीत कोट काढून वेसच्या हातात दिला आणि समोरून येणारी बस पकडली.

कार्यक्रमाच्या बाईंना रेकॉर्डच्या वेष्टनावर चार पोरं दिसत होती, त्यामुळे पडद्यावरही चारच हवी होती. त्यांनी तो कोट वेसच्या अंगावर चढवला, गळ्यात गिटार अडकवली आणि म्हणाल्या, "गोड दिसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही." वेसने दोन्ही प्रयत्न केले. पहिला कॅमेऱ्याला मानवला, हे मात्र कबूल करायला हवं. काळ्यापांढऱ्या चित्रात त्याचे गाल असे काही दिसतात की बाकीचे तिघे त्याच्याबरोबर सामान उचलायला आलेत असं वाटावं.

पुढे टीव्हीवाल्यांनी जुन्या टेपा पुसून त्यांवर नवे कार्यक्रम भरले. शटल्सचं बाकीचं सगळं त्यात गेलं, हे एवढं उरलं. म्हणून जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात दरवेळी हेच दाखवतात आणि जगाच्या लेखी शटल्सचा बासवाला म्हणजे आमचा वेस.

गॉर्डनने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. बँड मोडल्यावर तो कारखान्यात परतला आणि तिथूनच निवृत्त झाला. वेसने शाळेची बस चालवली. दोघं गावातल्या कामगारांच्या क्लबात एकाच टेबलावर बसायचे आणि एकमेकांचे खिसे हलके करत डॉमिनोज खेळायचे. ठसठसत होतं ते एकाच जागी, गॉर्डनच्या मुलीपाशी.

जिल लहान असताना शाळेत अभिमानाने सांगायची की हे माझ्या बाबाने वाजवलंय. मग टीव्हीवर ते गाणं लागलं आणि वर्गाने तिची अशी टर उडवली की ती रडत घरी आली. त्यानंतर गॉर्डनने कधी विषय काढलाच तर ती म्हणायची, "बाबा, पुरे आता." आवाज न चढवता. तू तिथे का नव्हतास, असं तिने विचारलं की गॉर्डन विषय बदलायचा. ब्रेंडाने त्याला शपथ घातली होती. पोरीला आयुष्यभर वाटत राहील की आपल्यामुळे बापाचं हुकलं, ते ओझं तिच्या डोक्यावर नको, असं तिचं म्हणणं. वेसने एकदा धीर करून जिलला सांगून पाहिलं की वाजवणारा तुझा बापच. तिने त्याचा दंड थोपटला आणि म्हणाली, "वेस काका, तू फार चांगला आहेस रे." इतकं वाईट वेसला कोणी शिवी दिली असती तरी वाटलं नसतं.

ब्रेंडा गेली. गॉर्डनही थकला. अशात क्लबाची शंभरी आली आणि कमिटीने ठरवलं की टीव्हीच्या त्या कार्यक्रमातला फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा, पडदा वेसने ओढायचा. क्लबाची सेक्रेटरी मॉरीन त्याच्या घरी आली तेव्हा वेस आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "येतो. पण आधी सगळ्यांना ते गाणं दाखव. आणि माइक माझ्याकडे दे."

"भाषण करणार?"

"दोन शब्द."

"तुझे दोन शब्द मला माहीत आहेत. जेवण थंड होऊ देऊ नकोस एवढंच बघ," मॉरीन म्हणाली.

शनिवारी दुपारी क्लब भरला. मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्र्या आणि वाटाण्यांचा लगदा ताटांत पडला होता. जिलने वडिलांना गाडीतून आणलं होतं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ती त्यांच्या शेजारी बसली होती. मोठ्या पडद्यावर गाणं झालं, टाळ्या झाल्या.

वेसने माइक घेतला. "हे मी वाजवलेलं नाही. मी व्हॅन चालवायचो."

क्लब खदखदून हसला. "आमचा वेस बदलायचा नाही," कोणीतरी म्हणालं.

"मॉरीन, पुन्हा लाव," वेस म्हणाला. "आता माझं थोबाड बघू नका. डावा हात बघा."

गाणं लागलं. तुकडा खालून वर चढत गेला आणि पडद्यावरचा वेस गिटारीचा दांडा घट्ट पकडून उभा राहिला, गच्च भरलेल्या बसमध्ये पडू नये म्हणून माणूस धरतो तसा. एक बोट हललं नाही. मागे कोणीतरी फिस्कन हसलं, मग सगळा क्लब. इतकी वर्षं सगळे गालच बघत आले होते.

"अरे देवा," मॉरीन म्हणाली. "मग वाजवतंय कोण?"

वेसने कोपऱ्याकडे हात केला. माना वळल्या. गॉर्डन पेस्ट्रीवरचा पापुद्रा काट्याने कुरतडत होता. "मला जेवू द्या," तो म्हणाला.

हसत नव्हती ती एकटी जिल. "बाबा, मग तू कुठे होतास?"

गॉर्डनने वेसकडे पाहिलं. वेसने मान खाली घातली. जे सांगायचं होतं ते त्याचं नव्हतं.

"हॉस्पिटलात," गॉर्डन म्हणाला शेवटी. "बाहेरच्या बाकावर. तेव्हा बापांना आत सोडत नसत."

जिलने हातातला काटा ताटात ठेवला. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी?"

"तूच. घाई तुलाच झाली होती."

"आणि तू मला हे सांगितलं नाहीस. मी तुला सारखं पुरे म्हणत राहिले."

"आईने तुझ्या अडवलं होतं. आणि खरं सांगू का पोरी, नर्सने तुला माझ्या हातात दिलं ना, तेव्हा ते टीव्हीचं डोक्यातून साफ गेलं. चार दिवसांनी वेस कोट परत द्यायला आला तेव्हा आठवलं."

मॉरीन वेसच्या कानाशी आली. "आता फोटोचं काय करू? छापून आलाय तो."

"लाव की. खाली नाव त्याचं घाल."

जिलने ताटं बाजूला सारली, बाही वर केली आणि उघडा हात वडिलांसमोर टेबलावर ठेवला. "तो तुकडा," ती म्हणाली. "बोटं कुठे कुठे जातात, दाखव मला."

गॉर्डनची बोटं आता वाकडी झाली आहेत. त्याने ती तिच्या मनगटावर टेकवली आणि एकेक करत कोपरापर्यंत चढवत नेली. जिल वाकून त्यांच्याकडे बघत होती.

"चुकलं," गॉर्डन म्हणाला. "थांब, पुन्हा पहिल्यापासून."

"घाई नाही, बाबा," जिल म्हणाली आणि हात तिथेच ठेवला.