लिलीच्या कुंड्या

त्या बाईचा जबाब मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी तेव्हा साताऱ्यात पोलीस निरीक्षक होतो, निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

बंगल्यांच्या एका वसाहतीत चार दिवसांत एकाच घरची दोन मांजरे मेली. मालक वजनदार गृहस्थ. चार शेजाऱ्यांसमोर आरोप करून ठाण्यात आले ते आरोपीचे नाव घेऊनच. बागकाम करणारी बाई, माण तालुक्याकडची धनगर. मांजरांनी वाफे उकरले की ती ओरडायची, एवढाच पुरावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनावी फोन आला, "तिच्या पिशवीत उंदराचं औषध आहे." पंचांसमोर पिशवी तपासली. पुडी खरेच निघाली. लगेच वरिष्ठांचा फोन, "आता काय राहिलं? अटक दाखवा."

महिला हवालदारांना शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली. खोटे बोलणारा माणूस बहुधा टेबलाकडे बघून बोलतो. ही बाई थेट माझ्याकडे बघत होती.

"बाई, हे औषध कशाला?"

"घरात उंदीर लय झाल्यात, सायब. पुडी फोडल्याली तरी हाय का, बघा की."

पुडी बंद होती. पंचनाम्यात हे कुणी लिहिलेच नव्हते. मी ओशाळलो.

"मग मांजरं कशानं मेली?"

"मला काय ठावं? पण दोनीच्या बी नाकाला तांबडी पूड हुती, नव्या कुंड्यांतल्या फुलांची. मालकांना सांगितलं, त्यांनी ऐकलं न्हाई. आज तिसरं वकाय लागलंय. मला हितं बसवण्यापरीस त्येला दवाखान्यात न्या."

मी उठलो. बंगल्याच्या व्हरांड्यात तिसरे मांजर लाळ गाळत पडले होते. शेजारी महाबळेश्वरहून हौसेने आणलेल्या लिलीच्या कुंड्या, खालची पाने कुरतडलेली. एक फूल पिशवीत घातले, मांजर जीपमध्ये घेतले.

पशुवैद्यांनी फूल पाहताच सलाइन लावले. "पान चावलं, नुसती अंगावरची पूड चाटली, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात," ते म्हणाले. बागेत पुरलेले मांजर काढून शवविच्छेदन केले. पोटात पानांचे तुकडे निघाले, उंदराचे औषध निघाले नाही. तिसरे मांजर वाचले.

मालक म्हणाले, "तक्रार मागे घेतो. लिलीचं काही लिहू नका, लोक हसतील." वरिष्ठही म्हणाले, "मिटवून टाका."

मी अहवालात लिली लिहिली, न फोडलेली पुडीही लिहिली. मालकांना सांगितले, "आरोप चार शेजाऱ्यांसमोर केलात, तिथंच मागे घ्या. नाहीतर बाईंनी बदनामीची तक्रार द्यायची ठरवली, तर साक्षीला मी स्वतः उभा राहीन."

ते शेजाऱ्यांना घेऊन बंगल्याच्या फाटकाशी आले, बाई तिथे उभी होती. "चूक झाली" म्हणाले, उद्यापासून कामावर या म्हणाले.

बाई म्हणाली, "आवं, मांजर वाचलं, बरं झालं. मी न्हाई येनार. हात हायत मला."

दोन महिन्यांनी माझी पाटणला बदली झाली. ती याच कारणाने झाली असे कुणी म्हणतात. म्हणोत. गरिबाची पिशवी उघडायला आम्हाला घटकाही लागत नाही आणि श्रीमंताच्या बागेत डोकावायला पाय अडखळतात, हे मी त्या केसमध्ये शिकलो. तो अहवाल आज पुन्हा लिहायला सांगितला, तर त्यातली एक ओळही मी खोडणार नाही.