अर्पणाच्या टेबलावरचा हातमोजा

आईनं बाजरीची कणसं टोपलीत बांधून दिली आणि म्हणाली, "पनवेलच्या चर्चमध्ये शमुवेलच्याच हातून वाहा." कोणत्या हातानं, हे मी तिला विचारलं नाही. तळोज्याच्या कारखान्यात ॲसिड सांडून माझ्या या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. आईला ते अजून सांगितलं नव्हतं.

नगरची एसटी घाट उतरली तशी हवा चिकट झाली. पनवेलच्या स्टँडवरून रिक्षा केली, तर ती न्हावा शेव्याच्या कंटेनरगाड्यांत अडकली. एका धक्क्यासरशी टोपली उपडी झाली. कणसं गोळा करून देताना रिक्षावाल्यानं विचारलं, "देवीला न्हेता काय, मावशी?"

"चर्चला. कापणीचा सण आहे (पिकाचा पहिला वाटा देवाला द्यायचा दिवस)."

"तुमच्यात बोकड नाय कापत?"

"नाही. बळी एकदाच झाला, ख्रिस्ताचा. तोही त्यानं स्वतःहून दिला. आम्ही नुसते उपकार मानतो."

"मंग सोपा हाय तुमचा," तो म्हणाला. मलाही तेव्हा ते सोपंच वाटत होतं.

वहिनीनं, रूथनं, ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं. शमुवेल डाव्या हातात चमचा धरून जेवत होता आणि निम्मा भात ताटाबाहेर जात होता. मी कालवणाचं कौतुक करत राहिले. दुसरं काय करणार?

जेवणं उरकली तोच साळवेसाहेब आले. ते चर्चचे पंच, आणि शमुवेलच्या खात्याचे कारखान्यातले साहेबही.

"उद्या साक्ष दे (मंडळीसमोर उभं राहून देवाचे उपकार सांग)," ते मायेनं म्हणाले. "बोटं प्रभूला अर्पण केली म्हण. मंडळीला बळ मिळेल. तुला कामावर परत घ्यायचं मी बघतो."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, त्यानं दिली कुठं? ती गेली. हातमोजा फाटका होता ना?"

"ताई, देवाच्या इच्छेपुढं आपण कोण?"

मला उमगलं. एकदा देवाची इच्छा म्हटलं की कारखान्याला कुणी काही विचारायला नको. इतका स्वस्त केला होता या माणसानं बळी! शमुवेल मान खाली घालून ताटाबाहेरची शितं वेचत राहिला. त्याचाही मला रागच आला.

सकाळी चर्चमधलं टेबल भोपळ्यांनी, केळ्यांनी भरलं होतं. एकानं रंगीत कागदात गुंडाळून बिस्किटांचे डबे आणले होते. या टेबलावर ठेवलेलं कुणी परत नेत नाही. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि जे उरेल ते पुढच्या रविवारपर्यंत तिथंच राहतं.

शमुवेलचं नाव पुकारलं. त्यानं आईची कणसं डाव्या हातानं ठेवली. मग खिशातून रबरी हातमोजा काढून शेजारी ठेवला. बोटांपाशी तो फाटलेला होता.

"हा बदलून द्या म्हणून मी साहेबांना तीनदा सांगितलं होतं," तो म्हणाला. "बोटं मी देवाला दिली नाहीत. ती माझ्याकडून हिरावली गेली. माझ्या हातानं देतोय ते हे." आणि जागेवर येऊन बसला. रूथनं त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

लिलावात भोपळे गेले, केळी गेली, आईची कणसंही गेली. हातमोजा वर धरला तेव्हा कुणी बोली लावली नाही. लिलाववाल्यानं साळवेसाहेबांकडं पाहिलं. ते घड्याळ बघत होते.

रिकामी टोपली घेऊन मी परतले. एसटीत पुन्हा पुन्हा वाटत होतं, पोरगं कामाला मुकलं. आणि त्याहून जास्त वाटत होतं की बरं केलं. देणं आणि हिसकावलं जाणं यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी आम्हाला बळीचा अर्थ सांगू नये. घरी पोचल्यावर आईला बोटांचं सांगितलं.

पुढच्या रविवारी शमुवेलचा फोन आला. कामाचं अजून काहीच कळलेलं नव्हतं.

"अक्का, आज प्रभुभोजन होतं (ख्रिस्ताच्या बळीची आठवण म्हणून भाकर मोडून वाटायचा विधी)," तो म्हणाला. "साळवेसाहेब टेबलावरचा हातमोजा उचलायला निघाले होते. पाळकांनी (धर्मगुरूंनी) त्यांना थांबवलं, आणि भाकर त्याच्या शेजारीच ठेवली."