बुजवलेली सात भोकं

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर मी हसत आलोय. बियाण्यांच्या प्रतवारीत बावीस वर्षं काढली. जे मापात बसत नाही ते मी मानत नाही. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

माझी मुलगी प्रज्ञा संशोधन करते. प्रकाशाच्या रेट्यावर चालणाऱ्या अवकाशयानाचं शीड ती संगणकावर तयार करते. केसाहून पातळ पापुद्रा, त्यात भोकांची एकच नक्षी पुन्हा पुन्हा. लेझरच्या झोतावर ते स्थिर राहायला हवं. तिचं मात्र दर वेळी हेलकावत झोताबाहेर जायचं. महासंगणकावर चाचणीची तिच्या वाट्याची एकच फेरी उरली होती. ती फसली तर पीएचडीची तीन वर्षं वाया.

मार्च महिना, टेंभुर्णीतलं आमचं घर, दुपारचे सव्वातीन. ती स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसली होती. खिडकीत टांगलेल्या जुन्या चाळणीतून ऊन भिंतीवर पडलं होतं. मी ते ठिपके पाहिले, मग तिचा स्क्रीन — आणि उठलोच.

"काय करून राह्यले पप्पा? भिंत काय मोजता?"

"तुझ्या नक्षीत भोकं किती?"

"एकशे त्र्याण्णव."

चाळणी उतरवून मोजली. उघडी एकशे शहाऐंशी. लहानमोठ्या भोकांचा क्रम तोच. फक्त एका कडेची सात कथलाने बुजवलेली.

चाळणी गावातल्या रहीमचाचांच्या हातची. भोकं एकसारखी नाहीत म्हणून मी ती परत नेली, तेव्हा त्यांनी ही सात बुजवून दिली होती. "चाचा, ही तर जास्तच बिघडली!" ते हसले. "साहेब, ही धान्याची न्हाईच. राहू द्या घरी, लागंल." चाचांना जाऊन नऊ वर्षं झाली. प्रज्ञा तेव्हा शाळेत होती.

"योगायोग असंल," ती म्हणाली. पण चाळणी स्क्रीनशेजारी धरली. मग स्क्रीनवरची तीच सात बंद केली आणि उरलेली फेरी पाठवली. "फसली तर माझ्या गाईड सरांना तुमच्या चाळणीचं नाव सांगते."

तिसऱ्या दिवशी विद्यापीठातून तिचा फोन आला. "हललं न्हाई, पप्पा. बिलकुल न्हाई."

आवाजात आनंद नव्हता. सरांनी विचारलंय — हीच सात का? कारणाशिवाय आकडा लिहायचा नाही हे तिला मीच शिकवलं. प्रबंधात ती जागा अजून कोरी आहे.

मी व्हर्नियर मोजपट्टीने अकरा वेळा मोजलं. चाळणीच्या आणि तिच्या नक्षीच्या प्रमाणात फरक सापडत नाही, कारणही नाही. झोप मात्र एकाच गोष्टीने उडते — धान्याची नाही तर कशाची, एवढं चाचांना विचारायचं होतं. मी फक्त माप चुकलंय म्हणालो.