भातकुलीला जाऊन सांगितलेली बातमी

आमच्या हिवरखेडात कोणी मेलं तर लांबच्या माणसाला ते फोनवर सांगत नाहीत. तब्येत जास्त आहे, निघून ये, एवढंच सांगतात. तो एकटा असतो, उपाशी असतो, गाडीवर असतो. रस्त्यात कुठे पडू नये म्हणून ही रीत. दिवाळी झाल्यावर माझी बायको अमरावतीच्या दवाखान्यात वारली तेव्हा मीही तेच केलं. पोराला पुण्याला फोन लावला आणि म्हटलं, "मायची तब्येत जास्त आहे, निघ." तेव्हा ती मेलेली होती.

पोरगा आला. मुंडण केलं, दहावा केला, तेरवी केली. कशात कमी पडला नाही. पण मायबद्दल माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी विषय काढला की उठून जायचा. मी शाळा फार शिकलो नाही, पण एवढं मला कळलं, की त्या फोनपासून त्याचा माझ्यावरचा भरोसा गेला. बायको गेली ते एक दुःख आणि हे वरतून दुसरं. घरात दोन माणसं, आणि जिच्यासाठी दोघंही झुरतात तिचं नाव कोणी घेत नाही.

बाकी बोलायचा तो भरपूर. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली होती, म्हणून ओसरीवर टेबल टाकून बसायचा. सकाळी मी वावरातली शेवंती तोडून आणली की चहा घेता घेता मोबाईलवरच्या बातम्या वाचायचा आणि शिव्या द्यायचा.

"पाहा बाबा, हा मोठ्या कंपनीचा मालक म्हणते दोन वर्षात प्रोग्राम लिहाले माणूसच लागणार नाही."

"मंग तू काय करशीन?"

"काही नाही होत. मागं हाच म्हणे, डोयाले चष्मा लावा अन् घरी बसून दुसऱ्या जगात प्लॉट घ्या. घेतला का कोणी? माल खपवाचा असला का असं बोला लागते. अन् आमचा साहेब हे वाचते अन् दुपारी मीटिंग घेते."

कंपनीला तो सर्कस म्हणायचा. शुक्रवारी संध्याकाळी चांगल्या घरची, लेकराबाळांची माणसं डोक्यावर कागदाच्या टोप्या घालून कॅमेऱ्यासमोर अंताक्षरी खेळायची. का, तर आपण सगळे एक कुटुंब. मी एकदा म्हटलं, "कुटुंब आहे त तुह्या मायच्या तेरवीले एकही जण काहून नाही आला?"

"आले ना. फुलं पाठवले त्यायनं. मोबाईलवर." आणि हसला.

ते फुलांचं मी समजू शकतो. दुसरं मात्र नाही. कंपनीने त्याला कॉम्प्युटरात एक बोलणारं यंत्र दिलं होतं, घरात दुःख झालं असेल तर याच्याशी बोला म्हणून. त्याने माझ्यासमोर त्यात लिहिलं, माय मेली. यंत्राने लिहिलं, ऐकून वाईट वाटलं, खोल श्वास घ्या. पोरगा इतका हसला की मला भीती वाटली. मी बाजूला बसलेलो होतो. जिवंत बाप. माझ्याजवळ नाही बोलला, त्या डब्याजवळ बोलला, आणि तेही टिंगल म्हणून.

मग होळीनंतर एका शनिवारी तो ओसरीवर इंग्रजीत काहीतरी पुन्हा पुन्हा वाचत होता. शाळेतलं पोरगं कविता पाठ करतं तसं. मी विचारलं काय आहे. आधी सांगेना. मग म्हणाला, "माह्या हाताखालच्या एका बाईले काढून राहिले. सोमवारी कॅमेऱ्यावर सांगा लागते. हे लिहून देलं तेवढंच वाचाचं. वरतून एक शब्द बोलाचा नाही, सॉरी म्हणाचं नाही. वाचून झालं का तिचा कॉम्प्युटर तिकडून बंद होते."

"कुठची बाई?"

"भातकुलीची. घरूनच काम करते. मुसलमानाची आहे, दोन लेकरं आहेत. माय गेली तवा कंपनीतून तिचाच एकटीचा फोन आला होता."

मी म्हटलं, "अशी बातमी त्या पडद्यावरून देत असतात का? जाऊन सांग. जवळ बस, तिले जेवू दे, मंग सांग."

त्याने कागद टेबलावर आपटला. "तुमीच देली ना मले फोनवर! अन् तेबी खोटी! कंपनी तरी जे लिहून देते ते खरं असते."

चार महिन्यांत पहिल्यांदा तो त्या फोनबद्दल बोलला. मला लागलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. गळू फुटल्यावर वाटतं तसं. मी म्हटलं, "आमच्यात तशीच रीत आहे." तो म्हणाला, "कंपनीतबी आहे रीत." मी फुलांवर पाणी मारायला उठलो.

पण रविवारी सकाळी तो कपडे घालून तयार. "चाला," म्हणाला. "अगोदर सांगाले बंदी आहे. कळलं त मलेबी काढतीन."

"मंग?"

"काढू द्या."

अकोटवरून एसटीने अमरावती, तिथून भातकुली. सगळ्या वाटेत तो मोबाईलमध्ये. मी खिडकीतून तूर काढून झालेली वावरं पाहत होतो. याच वाटेने आम्ही तिला दवाखान्यात नेलं होतं, पण ते मी बोललो नाही.

बाईने दार उघडलं. तिशीच्या पुढची, हाताला कणीक. आपला साहेब दारात आणि सोबत पांढऱ्या टोपीचा म्हातारा, हे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिचा नवरा ट्रक चालवतो. त्या दिवशी तो कापसाच्या गठाणी घेऊन गुजरातकडे गेलेला. न सांगता घरी म्हातारं माणूस येतं ते कशासाठी, हे आमच्याकडे हिंदूला कळतं तसं मुसलमानालाही कळतं.

"क्या हुआ उनको?" ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर खाली बसली. "चाचा, सच बोलो. जिंदा है ना?"

मी शिकवून आणलेलं, आधी जेवू दे, मग सांग, सगळं जागीच राहिलं. पोरगा एकदम ओरडला, "अहो नाही नाही! त्यायले काही नाही झालं. तुमची नोकरी गेली!"

ती आमच्याकडे पाहतच राहिली. मग कणकेच्या हाताने तोंड झाकून रडायला लागली आणि रडता रडताच हसायला लागली. "नोकरी? या अल्ला! ऐसा कोई करता क्या, सर? माहा जीव गेला असता ना आता! फोन करते त काय होत होतं?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. चांगलं करायला आलो आणि बाईला जिवंतपणी मारलं.

पण तिने आत घेतलं, पाणी दिलं, नवऱ्याला फोन लावून त्याचा आवाज ऐकला आणि मग शांत झाली. नोकरीचं विचारलं. पोराने सगळं उघडं सांगितलं, तुमचा कंपनीतला प्रवास इथे संपतो असं लिहिलेला तो कागदही दाखवला. तो वाचून ती म्हणाली, "ये क्या लिखा है, मेरा सफर? मी काय हजले चालली?" मग कागद उलटा करून ठेवला. घर तिच्याही पगारावर चालत होतं, हसण्याने ते भरून निघत नाही. जेवल्याशिवाय मात्र जाऊ दिलं नाही. जेवताना तिने पोराला विचारलं, "सर, तवा मले तुमच्या घरी बसाले याचं होतं, नाही जमलं. आई कशा गेल्या हो?"

मला वाटलं आता उठतो. उठला नाही. ताटाकडे पाहत सांगायला लागला. मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बाबांचा फोन आला, तो म्हणाला, आणि मी गाडीत बसलो. मला वाटलं तब्येत जास्त म्हणजे अजून आहे. सगळ्या वाटेत मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावत होतो. एकाने हो म्हटलं, खाट ठेवतो म्हणाला. मी ॲम्ब्युलन्स ठरवली. तिला हिवरखेडला आणलं म्हणून कळलं, तर मला वाटलं सुट्टी दिली असेल. तिथून सरळ नागपूरला घेऊन जाऊ. "ॲम्ब्युलन्स अन् मी संगच पोचलो. अंगणात गोवऱ्या आणून ठेवल्या होत्या. ड्रायव्हर मले म्हणते, साहेब, पेशंट कुठी आहे?"

बाई घास हातात धरून बसली. मीही. त्या दिवशी दारात एक पांढरी गाडी आली होती हे मला आठवत होतं. कोणाची, हे मी कधी विचारलं नव्हतं.

परत निघालो. भातकुलीच्या स्टँडावर सावलीला बसलो. मी म्हटलं, "मले मालूम नव्हतं ते गाडीचं."

"तुमाले कोण सांगणार?" तो म्हणाला. आवाजात टिंगल नव्हती. "खरं सांगतलं असतं त मी पडलो असतो का बाबा? मी काय लहान आहो?"

मी म्हटलं, "तू नसता पडला. मी पडलो असतो. ते तोंडातून काढता काढता."

खरी गोष्ट ती होती. रीत बरी सापडली मला. त्या दिवसापासून मी कोणाजवळच ते शब्द काढले नव्हते. लोक आले, बसले, तेच बोलले. मी मान हलवली. गेली, वारली, देवाघरी, हे सगळं त्यांनी म्हटलं.

"मंग आता सांगा मले," पोरगा म्हणाला. "जसं झालं तसं."

मी सांगितलं. सकाळी तिने पाणी मागितलं. मी चमच्याने दिलं, दोन चमचे गेले, तिसरा ओठावरून खाली आला. मी तोंड पुसलं आणि म्हटलं, बस झालं का. तिने डोळे उघडे ठेवले पण पाहिलं नाही. नर्सला बोलवायला मी उठलो नाही. तिचा हात गरम होता, तोवर मी धरून बसलो. "तुही माय मेली रे," मी म्हटलं. तेव्हा तो रडला, आणि स्टँडावरच्या लोकांची त्याने पर्वा केली नाही.