झेंडूच्या माळेतला पहिला जॉब

"मॅडम, व्हॉट्सअ‍ॅप उघडा. आन् उभ्या असाल तर आधी खाली बसा."

फोनवर आमचे एमडी मुळे साहेब होते. दसऱ्याचा दुसरा दिवस. मी केडगावच्या घरी तोरणं उतरवत स्टुलावर उभी होते. खाली उतरले आणि फोटो उघडला.

पाटावर लाल कापड. त्यावर दीड हात उंचीचा, एका तोंडाला निमुळता होत गेलेला पोलादी नग. त्याला हळदीकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात फोडलेला नारळ. मागे आमचा चार नंबरचा प्रेस. खाली लिहिलं होतं : 'आपल्या हातचा पहिला तोफगोळा. जय मल्हार.'

"कोणी टाकलं हे?" मी विचारलं.

"बिरू कोकऱ्यानं. स्टेटसला ठेवलं व्हतं. गावाच्या ग्रुपवर गेलं, तिथनं एका यूट्यूबवाल्यानं उचललं. आता परदेशातली माणसं खाली कॉमेंटी टाकायलेत. तुम्ही या लगेच."

मी सणसवाडीतल्या एका फोर्जिंग कंपनीत आहे. फोर्जिंग म्हणजे पोलादाचा ठोकळा लालभडक तापवायचा आणि प्रेसखाली साच्यात दाबून त्याला आकार द्यायचा. वर्षानुवर्षं आम्ही ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे अ‍ॅक्सल करत आलो. परदेशी जाणारा माल, त्याचे परवाने आणि त्यातली कटकट माझ्याकडे. त्यामुळे सकाळी चहाच्या आधी मी युद्धाचा नकाशा बघते. हौस म्हणून नाही. कुठलं बंदर बंद झालं, कुणावर निर्बंध आले, यावर माझा दिवस ठरतो.

हे युद्ध लांबलेलं. कोण कुणाशी लढतंय ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेलच आणि नाही कळलं तरी बिघडत नाही. सुरुवातीला सगळे म्हणाले, दिवाळीपर्यंत संपेल. मग कुठली दिवाळी ते सांगायचं बंद झालं. लांबलेल्या युद्धात शौर्यापेक्षा साठा मोठा. कुणाचे गोळे आधी संपतात, कुणाची माणसं आधी संपतात आणि पाठीराख्या देशांना कधी कंटाळा येतो, एवढंच उरतं. मोठे देश आपल्या माणसाला हरू नये इतकं देतात, जिंकावं इतकं देत नाहीत. या युद्धाने आमच्या भट्टीचा गॅस महाग केला, अ‍ॅक्सलच्या ऑर्डरी आटल्या, आणि मग त्याच युद्धाने आम्हाला नवी ऑर्डर आणून दिली. तोफगोळ्याची रिकामी पोलादी कवचं. आत दारू भरायचं काम ग्राहक त्याच्या देशात करणार होता.

ग्राहक लढणाऱ्यांपैकी नव्हता, तिसराच देश होता. त्याने एंड यूज सर्टिफिकेट दिलं होतं. म्हणजे माल शेवटी कोण वापरणार, याची लेखी हमी. त्यात लिहिलं होतं, 'आमच्या स्वतःच्या सैन्याच्या साठ्यासाठी.' ते खरंच होतं. त्या देशाने आपला जुना साठा लढणाऱ्या मित्राला देऊन टाकला होता आणि रिकाम्या कोठारात आमचा माल भरायचा होता. शेजारणीला डब्यातली साखर द्यायची आणि दुकानातून नवी आणून डबा भरायचा, तसं. कागदावर कोणीही खोटं बोलत नव्हतं.

फक्त हे गुपचूप व्हायला हवं होतं. करारात तसं कलम होतं, ग्राहकाचं नाव कुठे दिसता कामा नये.

कंपनीत पोचले तर मुळे साहेब केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. मी फोटो मोठा करून पाहिला. प्रत्येक जॉबवर, म्हणजे तयार नगावर, खुणा ठोकलेल्या असतात. पोलाद कुठल्या भट्टीतलं, ग्राहकाचा कोड काय, आणि प्रेस चालवणारा ऑपरेटर कोण. चूक निघाली तर मान कुणाची धरायची ते कळावं म्हणून. फोटोत त्या सगळ्या खुणा बरोबर समोर होत्या. हळदीकुंकू त्यांच्या शेजारी, जपून लावलेलं.

बिरूला बोलावलं. पाटसकडचा. वडिलांनी मेंढरं विकून ऊस लावला, हा सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहून प्रेस चालवतो. बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. या दिवाळीला पर्मनंट करायचं ठरलं होतं आणि ते त्याने घरी सांगूनही टाकलं होतं.

"खुणांची बाजू पुढं कशाला केलीस रे?" मी विचारलं.

"देवाचं तोंड पुढंच करत्यात की मॅडम." मग खाली बघून म्हणाला, "आन् माझा नंबर हाय त्यावर. आप्पांना दाखवायचा व्हता. ते म्हनत्यात, तू तिथं नेमकं करतोस काय?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी संतापही आला. दोन्ही गिळून त्याला बाहेर बसवलं.

मुळे साहेबांचा निर्णय झालेला होता. "कॉन्ट्रॅक्टरला सांगून त्याला आजच काढून टाका. ग्राहकाला कळवा, अ‍ॅक्शन घेतली."

"साहेब, नवा जॉब निघाला की पहिला ओके नग पूजेला ठेवायची पद्धत कुणाची?"

"कंपनीची."

"पूजा कुणी केली?"

"मॅडम, तुम्ही आता..."

"नारळ तुम्ही फोडलात. त्याच जॉबपुढे. फोटोत तुमचा हात आहे, अंगठीसकट."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. अंगठी होतीच. ते खुर्चीत बसले आणि चहा सांगितला.

दुपारी ग्राहकाच्या माणसाचा फोन आला. त्याला मार्को म्हणते, खरं नाव दुसरं आहे. एरवी गप्पिष्ट. त्या दिवशी आवाज भट्टीतून काढून पाण्यात बुडवल्यासारखा.

"जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तुम्ही केलेली कारवाई, दोन्ही लेखी हवं. तोपर्यंत माल तिथेच राहील."

पाठोपाठ दिल्लीहून, परवाना देणाऱ्या खात्याचा फोन. ग्राहकाच्या मित्राविरुद्ध लढणाऱ्या देशाने विचारणा केली होती आणि भारताचे संबंध दोघांशीही आहेत. अधिकारी सभ्यपणे हिंदीत विचारत होते.

"मॅडम, माल नक्की कुठे जाणार?"

"परवान्यात लिहिलंय तिथे, सर."

"आणि तिथून पुढे?"

"पुढचं विचारायचा अधिकार आम्हाला नाही सर. तुम्हाला आहे."

ते म्हणाले, "परवाना नियमात आहे. पण आवाज कमी ठेवा."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. एका जागी बसवत नव्हतं. माल लाकडी खोक्यांत भरून यार्डात उभा, मी दर तासाला उगाच खिडकीशी जाऊन खोकी आहेत का बघणार. कुठे जाणार होती ती? घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. बिरूला कामावर ठेवलं होतं, पण प्रेसवरून काढून झाडलोटीला लावलं होतं. तो मला पाहिलं की झाडू थांबवायचा. विचारायचा मात्र काही नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पण इतकी वर्षं युद्धाचा नकाशा बघून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. ज्याचं बळ कमी, त्याने लढाई जिंकायच्या फंदात पडू नये, लांबवावी. समोरच्याला दुसरं काहीतरी महत्त्वाचं सापडेपर्यंत टिकून राहावं. मी ठरवलं, नाव द्यायचं नाही आणि नकारही द्यायचा नाही.

मार्कोला लिहिलं, 'जबाबदार व्यक्ती' म्हणजे फोटो काढणारी, पूजा करणारी की पूजेला परवानगी देणारी, कृपया स्पष्ट करावं. त्याने स्पष्ट केलं. मी लिहिलं, आमच्याकडे कारवाईआधी चौकशी करावी लागते, चौकशी अधिकारी नेमला आहे. अधिकारी मीच होते. मग साक्षी सुरू केल्या. पूजेला अख्खी शिफ्ट हजर होती. भटजींचीही साक्ष घेतली. मार्कोला खंडेनवमी म्हणजे काय, आपल्याकडे यंत्र आणि शस्त्र का पुजतात, यावर लांबलचक टिपण पाठवलं.

मुळे साहेब वैतागले. "मॅडम, एका पोरासाठी तुम्ही ऑर्डर घालवनार."

"ऑर्डर जात नाही साहेब. त्यांना गोळे हवेत आणि देणारे फार नाहीत. तो ओरडेल, पण जाणार कुठे?"

"आन् गेला तर?"

गेला तर काय, हे मलाही माहीत नव्हतं. मी आत्मविश्वासाने चहा प्याले.

मग बातमी आली. लढणारे दोघे बोलणी करायला बसणार. बाजारात सगळे खूश, मी हादरले. युद्ध थांबलं तर माल तसाच यार्डात पडणार आणि सगळं खापर बिरूवर फुटणार. शांतता येते आहे म्हणून मी घाबरले होते. हे मनाशी कबूल करताना मला माझीच लाज वाटली, आणि तरी भीती गेली नाही.

दोन-चार दिवसांनी मार्कोचा फोन. आवाज पुन्हा पहिल्यासारखा गप्पिष्ट.

"तो फोटो तुमच्याकडे मोठ्या साइझमध्ये आहे का?"

"कोणता?"

"फुलांचा. आमच्या संरक्षण खात्याला हवा आहे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याने समजावलं. बोलणी करताना समोरच्याला वाटायला नको की यांचे गोळे संपत आलेत. जगभरातून साठा येतोय, भारतातसुद्धा काम चाललंय, हे दिसलेलं आता त्यांना हवं होतं. ज्या फोटोमुळे त्यांना बिरूची नोकरी घालवायची होती, तोच फोटो आता बोलण्याच्या टेबलावर वजन म्हणून ठेवायचा होता.

"आणि शक्य असेल तर," मार्को म्हणाला, "तो ऑपरेटर शेजारी उभा राहिलेला नवा फोटो काढा. माळ तशीच हवी."

"चौकशीचं काय?"

"कसली चौकशी?"

मी फोन ठेवला आणि केबिनमध्ये एकटीच मोठ्याने हसले.

मुळे साहेबांनी लगेच बिरूला बोलावलं, पर्मनंटचं लेटर स्वतःच्या हाताने दिलं, पाठीवर थाप मारली. "उद्या इस्त्रीचा शर्ट घालून ये. फोटो हाय. साऱ्या जगात झळकशील."

बिरूने लेटर घेतलं, नमस्कार केला आणि गेला. थोड्या वेळाने माझ्या केबिनच्या दारात उभा.

"मॅडम, फोटो नको."

"का रे? आता तर सगळं मिटलं."

त्याने फोन पुढे केला. त्याच्या फोटोखाली कॉमेंट होत्या, ढीगभर, परक्या लिपीतल्या. फोन त्यांचं मराठी करून दाखवतो, ते त्याला नुकतंच सापडलं होतं. बऱ्याच शिव्या होत्या, बरंच कौतुक. मध्ये एका बाईची कॉमेंट. 'फुलं फार सुंदर आहेत. हा आमच्याकडे येणार आहे का?'

"शिव्यांचं काय न्हाई मॅडम. हिनं शिवी दिली न्हाई. इचारलंय. हिला काय लिहू?"

मी मार्कोला उत्तरं दिली होती. दिल्लीला दिली होती. यालाही माझ्याकडे उत्तर होतं, कागदोपत्री अगदी बरोबर : हा तुमच्याकडे येणार नाही. हा कोठारात जाईल. याच्यामुळे मोकळा झालेला जुना तुमच्याकडे येईल.

मी त्याचा फोन त्याला परत दिला.

"काही लिहू नकोस," मी म्हटलं.

"मग मला परत अ‍ॅक्सलवर टाका. तिथं ओव्हरटाइम न्हाई, म्हाईत हाय. आन् फोटोपायी लेटर परत घेनार असतील तर घेऊ द्या." त्याने लेटर घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं.

घरी सांगून बसलेला माणूस ते ठेवत होता. मी लेटर त्याच्या खिशात परत घातलं आणि साहेबांकडे गेले. लेटरवर सही त्यांचीच झाली होती आणि पुन्हा एखादी चौकशी मी सुरू करीन, हा धाक त्यांना असावा. म्हणाले, "टाका अ‍ॅक्सलवर. पन फोटोचं काय?" शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतःच उभे राहिले. फोटो चांगला आला. मार्को खूश झाला, ऑर्डर वाढली, माल बंदराकडे निघाला. बोलणी फिसकटली.

बिरू अजून अ‍ॅक्सलवर आहे. परवा कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

"मी त्या बाईला लिहिलं व्हतं मॅडम. तुम्ही नको म्हनला तरी."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं, ताई, तुमी ठीक हाय का." तो भाकरी मोडत राहिला. "रोज बघतो. काय आलं न्हाई."

आता कंपनीत नियम केला आहे. पूजेआधी सगळ्यांचे फोन गेटवर जमा आणि नवा जॉब पूजेला ठेवायचा नाही, जुना अ‍ॅक्सल ठेवायचा. नव्या भरतीच्या ट्रेनिंगमध्ये हा नियम मीच सांगते. कोणी तरी कारण विचारतंच. करारातलं गुप्ततेचं कलम, असं मी सांगते आणि पुढच्या मुद्द्यावर जाते.